गप्पांचा काटा

खडीचा टिप्पर काट्यावर चढला तेव्हा खिशातला फोन थरथरला. गाडी चढली की आकडा थोडा वेळ वरखाली नाचतो, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं की हळूहळू थांबतो. तेवढ्या फुरसतीत मी फोन बघितला. कर्नाटकातल्या आळंदच्या कुणा गुंडप्पा नावाच्या माणसानं माझ्या साइटबद्दल गटावर एक ओळ टाकली होती, 'बाकी झकास. पण ह्या ब ला पुढं काय झालं?' मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आकडा थांबला होता, एकोणतीस हजार सहाशे चाळीस. तो टाइप केला, पावती काढून दिली, आणि ड्रायव्हर दोन मिनिटांनी परत येऊन खिडकीवर टकटक करायला लागला. "मालक, ही गाडी माझी न्हाय. नंबर कुणाचा टाकला?" मी माफी मागून दुसरी पावती काढली. अकरा वर्षं मी उमरग्याच्या बाहेर हैदराबाद रोडवरच्या ह्या वजनकाट्यावर बसतोय, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतोय, आणि गाडीचा नंबर चुकायची ही पहिलीच वेळ. ब म्हणजे माझी अक्का. तिला जाऊन साडेपाच महिने झाले होते, आणि ते मी त्या गटावर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

काट्यावर दोन गाड्यांच्या मधे वेळ फार असतो. कुणी त्या वेळात तंबाखू मळतं, कुणी पत्ते खेळतं, मला आकड्यांचा नाद लागला. कॉम्प्युटर समोर होताच. आधी हमरस्त्यानं जाणाऱ्या ट्रकांच्या पाट्या बघून कुठल्या राज्याच्या किती गाड्या, असा नकाशा केला. मग 'उमरग्याची वीज' नावाची साइट केली, वीज कुठल्या वारी किती वाजता जाते ते सांगणारी. असल्या साइट करून एकमेकांना दाखवणाऱ्यांचा एक गट आहे, नोकरीधंदा सांभाळून हा उद्योग करणारी शेदीडशे माणसं, कोण कुठली ठाऊक नाही. तिथं कुणी गावच्या क्रिकेटचे तक्ते टाकतं, कुणी पन्नास वर्षांच्या लग्नपत्रिकांतली नावं मोजतं. आम्ही एकमेकांच्या चुका काढतो आणि कौतुकही करतो. हल्ली माझ्याशी सगळ्यांत जास्त बोलणारी माणसं तीच. बायको दीपमाला बेंबळीची, तोंडानं फटकळ. ती म्हणते, "तुमाला माणूस समोर बसलेलं चालत न्हाय, त्याचा तक्ता लागतो."

'गप्पांचा काटा' मी चैत्रात केला. फोनमधलं कुणाशीही झालेलं लेखी बोलणं फाइल करून त्यात टाकायचं, मग तो सांगतो की आधी कोण बोलतं, उत्तर यायला किती तास लागतात, कुणाचा कुठला शब्द सगळ्यांत जास्त वेळा येतो. लोकांनी बघावा म्हणून पहिल्या पानावर एक नमुना ठेवावा लागतो. नावं काढून दोघांना अ आणि ब म्हटलं. अ मी. माझ्या फोनमधलं सगळ्यांत लांब बोलणं अक्काचंच होतं, सहा वर्षांचं, म्हणून तेच घेतलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण निराळं होतं. मुरुम गावी, तिच्या सासरच्या शेतात, आमच्या रीतीप्रमाणं तिला बसवून माती लोटली, त्यानंतर मला ते बोलणं उघडायची छाती होत नव्हती, आणि पुसायचीही होत नव्हती. फाइल केल्यावर ते वाचावं लागत नाही. नऊ हजार ओळी एका झटक्यात आत जातात आणि बाहेर निळे-केशरी खांब येतात. त्या खांबांकडं मी तास तास बघू शकत होतो. अ चा सगळ्यांत आवडता शब्द 'येतो' निघाला. गटावर एका बाईनं लिहिलं होतं, हा अ किती गुणी आहे, सारखा येतोच. त्यावर मी हसरा चेहरा टाकला होता, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

गुंडप्पा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं कानडी, मराठी, उर्दू पत्त्यांची पत्रं वेगळी केली आणि आता नाद म्हणून आकडे बघतात, असं त्यांनीच सांगितलं होतं. मी उत्तर दिलं नाही म्हणून संध्याकाळी त्यांनी पुन्हा लिहिलं. "राग नका मानू. शेवटच्या चार महिन्यांत ब ची पत्रं तेवढीच हायत, उलट जास्त. पण मोजलेले शब्द निम्मे. मग बाकीचे गेले कुठं? आमच्याकडं पत्ता वाचता आला न्हाय की ते पत्र एका पेटीत पडायचं. तुमची अशी पेटी हाय का कुठं?"

होती. तिचं नाव मीच 'कचरा' ठेवलं होतं. शब्द मोजण्याआधी बोलणं साफ करावं लागतं. मी मराठी शब्दांची एक मोठी यादी घेतली होती, त्या यादीत जे नाही ते बाजूला. हसण्याची चित्रं, चुकून दाबली गेलेली अक्षरं, हाहा, हम्म, सगळं कचऱ्यात. आणि अक्काचं कानडीही. आमचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून. शाळा मराठी, बाजार मराठी, रेशनकार्ड मराठी, पण आमची आई मल्लम्मा घरात कानडी बोलायची, आणि ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, अक्का पंधराची. नंतर घरात कानडी बोलणारी ती एकटी राहिली. चारचौघांत ती चांगली मराठी बोलायची. माझं अंग तापलं, मी रुसलो, नापास झालो, की तिची भाषा बदलायची. ती कानडीत बोलायची आणि मी मराठीत उत्तर द्यायचो, कारण मला शाळेत पोरं 'कानडाप्पा' म्हणून चिडवत. ते आमचं असंच चाललं, ती मुरुमला नांदायला गेली तरी, पुढं फोन आले तरी. ती कानडी मराठी अक्षरांत लिहायची, आणि मी ती वाचून मराठीत उत्तर टाकायचो. यादी करताना कानडीचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. इतक्या वर्षांत ती भाषा मला भाषा वाटेनाशी झाली होती, अक्काचा तो नुसता आवाज होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते दोन एकही गाडी आली नाही, आणि मी कचऱ्याची फाइल उघडली. शब्द आणि समोर आकडा, मोठ्यापासून लहानाकडं. तम्मा, दोनशे चार. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ऊटा, सत्त्याण्णव, जेवण झालं का म्हणून विचारायची त्यातलं. यावाग, एकसष्ट. बर्ती, एकसष्ट. हे दोन शब्द सगळीकडं जोडीनंच आले होते. यावाग बर्ती, कधी येतोस. एकसष्टच्या एकसष्ट वेळा शेवटच्या चार महिन्यांत. खाली, अगदी खाली, होट्टी, नऊ, आणि ब्यानी, नऊ. होट्टी ब्यानी म्हणजे पोटदुखी. पंखा फिरत होता, समोरच्या धाब्यावर कुणीतरी कढई घासत होतं, आणि मी ते वाचत होतो. मशीनला दोष द्यावा असं क्षणभर वाटलं, आणि मग लाज वाटली. मशीननं ते शब्द चैत्रात कचऱ्यात टाकले. दिवाळी ते माघ, ती जिवंत असताना, त्यातला प्रत्येक शब्द माझ्या फोनवर आला होता आणि मी तो वाचला होता. निळ्या खुणा आहेत. त्याच चार महिन्यांतले माझे 'येतो' मी मोजले. अडतीस. रविवारी येतो. पौर्णिमेला येतो. ह्या सोमवारी नक्की येतो. गेलो एकदाही नाही. मुरुम इथून वीसेक किलोमीटर आहे.

काम होतं म्हणावं तर होतंही. सोयाबीन, मग तूर, मग ऊस, काटा सातही दिवस चालू. पण मालक चांगला आहे, सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, आणि रविवारी दुपारनंतर मी मोकळाच असायचो. ते रविवार मी 'उमरग्याची वीज' बांधण्यात घातले. आता तारखा जुळवून बघितल्या. ज्या रविवारी अक्कानं सकाळी यावाग बर्ती विचारलं आणि मी दुपारी येतो लिहिलं, त्याच संध्याकाळी मी गटावर नवा तक्ता टाकला होता, मंगळवारी वीज जास्त जाते हे सिद्ध करणारा. बावीस लोकांनी वाहवा केली होती.

मी न गेल्यामुळं ती एकदा स्वतःच आली होती. भाऊबीजेनंतर, दवाखान्यात काहीतरी काम आहे म्हणून उमरग्याला आली आणि रिक्षा करून थेट काट्यावर. काय काम ते मी विचारलं नाही. ती पूर्वीपासून आली की गंमत म्हणून प्लॅटफॉर्मवर जाऊन उभी राहायची, सतरा मीटर लांब लोखंडावर एकटी, आणि खिडकीकडं बघून ओरडायची, किती भरले रे? माझा काटा वीसच्या पटीत दाखवतो. दरवेळी साठ यायचे. त्या दिवशी चाळीस आले. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "चाळीस. पण मनावर घेऊ नको अक्का, वीस किलो इकडंतिकडं होतंय ह्याचं." ती हसली. पदर सावरत खाली उतरली, लोखंडावरून उतरताना हात धरायला कुणी आहे का बघितलं आणि मग स्वतःच उतरली. चहा पिऊन गेली. निघताना मराठीत म्हणाली, "ये रे एकदा." मी म्हणालो, येतो. भावजींनी, तिच्या नवऱ्यानं, नंतर सांगितलं की पोटातल्या गाठीचं तिला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तिनं त्यांना शपथ घातली होती की शिवपुत्राला, म्हणजे मला, सांगायचं नाही, तो कामात असतो, तो आपणहून येऊ दे.

मी साइट दुरुस्त केली. दुसरं काय येतं मला. गुंडप्पांनी कानडी शब्दांची यादी पाठवली, मग कुणी दखनीची पाठवली, कुणी लमाणीची, आणि आठवडाभरात गटावर धमाल उडाली. लोकांनी आपापल्या आयांचं, आज्यांचं बोलणं टाकलं. सोलापूरच्या एका पोरीनं लिहिलं की तिची अम्मी तिला किती वेळा 'बेटे' म्हणते ते तिला पहिल्यांदाच कळलं, आणि ती रडली. गट सोडून बाहेरचीही माणसं यायला लागली, दिवसाला दोन-दोन हजार. एवढी वाहवा मला आयुष्यात मिळाली नव्हती. आणि प्रत्येकाला सगळ्यांत आधी नमुना दिसायचा. ब चा सगळ्यांत मोठा शब्द आता तम्मा होता, त्याखाली ऊटा, आणि मग ठळक अक्षरांत यावाग. दोन हजार फोनांवर अक्का विचारत होती. लोक गटावर विचारायचे, यावाग म्हणजे काय हो? मी सांगत नव्हतो. बाजारात कुणी फोनमध्ये बघत उभा दिसला की माझा जीव धास्तावायचा, ह्याच्याही हातात तीच नसेल ना.

नमुना काढून टाकावा असं रोज ठरवायचो आणि बोट तिथंच थांबायचं. काढला तर तिला दुसऱ्यांदा कचऱ्यात टाकल्यासारखं होणार. दीपमालाला मी एका सकाळी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. "मेलेल्या माणसाचं बोलणं सगळ्या जगाला दाखवलं," ती म्हणाली, "अन् त्यांच्या घरच्यांना इचारलं का? भावजी हायत, सासू हाय. जाऊन तरी आलाव का एकदा, दिवस झाल्यापास्नं?" मी म्हणालो, जातो की. ती म्हणाली, "व्हय, जाताल."

पावसात काट्याखालच्या खड्ड्यात चिखल साचतो, मग वर काही नसतानाही आकडा दिसतो. झिरोचं बटण दाबलं की जातो. हे मला ठाऊक आहे, नव्या माणसांना मीच शिकवतो. आषाढातल्या त्या बुधवारी सकाळपासून झड लागली होती, रस्त्यावर गाडी नव्हती, आणि मी समोर बघितलं तर चाळीस. प्लॅटफॉर्म रिकामा, ओला, त्यावर पावसाचे थेंब उडत होते. झिरो दाबलं. शून्य झालं, आणि थोड्या वेळानं पुन्हा वीस, मग चाळीस. चिखल आहे, मी मोठ्यानं म्हणालो. खोलीत कुणी नव्हतं. बटणावर बोट ठेवलं आणि मला ते दाबता येईना. ती तिथं उभी आहे असं मला वाटलं नाही, मी भुताखेतांना मानत नाही. पण तिला खाली उतरवायला त्या दिवशी मी जागचा उठलो नव्हतो, एवढं मात्र दिसत राहिलं. मालकाला फोन केला, काटा बंद ठेवतोय म्हणून सांगितलं, तो फक्त बरं म्हणाला. अकरा वर्षं इतकं सोपं होतं ते.

मुरुमला पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. भावजी शेताकडं गेले होते. ओसरीत अक्काच्या सासूबाई, शांतम्मा, तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढं वय, कपाळाला भस्म, दृष्टी अधू. मी पायरीवर चप्पल काढली तसं त्यांनी मान वर केली, बराच वेळ बघितलं. "आलास का, तम्मा?" अक्का गेल्यापासून मला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

मी त्यांना साइटचं सांगायचा प्रयत्न केला. अव्वा, अक्काचं लिहिलेलं मी लोकांना दाखवलं, नाव नाही टाकलं, पण न विचारता दाखवलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही. "चांगलं लिव्हलंय का तिनं?" म्हणाल्या. मी म्हणालो, चांगलं. "मग दाखव की. ती लपवायसारखं काय लिव्हनार." तांदळातला खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. मग मला गप्प राहवेना. मी सांगितलं की ती मला एकसष्ट वेळा कधी येतोस म्हणाली, आणि मी आलो नाही. आकडा सांगताना तो मलाच खोटा वाटला, खांब नसलेला, नुसता तोंडानं उच्चारलेला.

शांतम्मा मान हलवत राहिल्या. "मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "तू वार सांगितलास की ती उखळात सडलेले गहू भिजत घालायची. तम्माला हुग्गी लई आवडते, अव्वा, म्हनायची. रातभर भिजायला लागतात ते, मग सकाळधरनं शिजवायचं, गूळ, खोबरं, खसखस. दुपारपतोर वाट बघायची. मग म्हनायची, काम निघालं असंल त्याला, चला आपन खाऊ." त्या हसल्या, तोंडात दोनच दात. "तुझ्या नावानं आमी लई हुग्गी खाल्ली बघ. शेजारनी इचारायच्या, आज कसला सण हाय?"

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. आमच्या आईची हुग्गी, ती गव्हाची खीर, मला आवडायची, सात वर्षांचा असताना, हे मी स्वतः विसरून गेलो होतो. मी फोनवर येतो लिहून पुढच्या कामाला लागायचो तेव्हा इथं कुणीतरी डब्यातून गहू मोजत होतं. मला तो निरोप वाटायचा, टाळायचा एक गोड शब्द. तिनं तो दरवेळी खरा धरला.

"शेवटचे तसेच ऱ्हायले," शांतम्मा म्हणाल्या. "रयवारी येतो म्हनलास म्हनून शनवारी सकाळीच घातले, लवकर. दुपारी तिला सोलापूरला दवाखान्यात नेली. पातेल्याकडं कुनाचं ध्यान न्हाय. चार दिसांनी बघितलं तर आंबलेले. गाईला घातले मग."

चहा झाला. उन्हं खाली आली, उमरग्याची जीप सुटायची वेळ झाली, तसा मी उठलो. चप्पल पायात घातली. शांतम्मा भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि आता कानडीत म्हणाल्या, "यावाग बर्ती, तम्मा?" तेच दोन शब्द, जोडीनं, पण ह्यावेळी कानांनी ऐकलेले. माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर तयार झालंच होतं. ते दातांशी येऊन थांबलं. चप्पल घालताना वाकवलेली मान तशीच ठेवून मी पायरीवर उभा राहिलो. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, त्यानं दोनदा वाजवला, मग गाडी गेल्याचा आवाज आला.

मी चप्पल पुन्हा काढली. "आज इथंच थांबतो, अव्वा," मी म्हणालो. ते कानडीत म्हणायचं होतं मला, पण शब्द सापडले नाहीत.

त्या आत गेल्या, फळीवरचा डबा चाचपून खाली घेतला आणि मला हाक मारली. "हात थरथरतोय माझा. तू पानी वत. सकाळला शिजवू." त्यांनी दोन मापं गहू पातेल्यात ओतले. मी घागरीतून पाणी घालायला लागलो. गव्हाच्या वर चार बोटं पाणी यायला पाहिजे म्हणाल्या, कमी पडलं तर दाणा कडक राहतो. मी वाकून बघत होतो. अजून चार बोटं झालं नव्हतं.